दोन दिवस गाण्याचे

दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. ते चंद्रभागा नदीच्या काठी वसले आहे. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी. आमची ही चंद्रभागा मेळघाटच्या डोंगरातून उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते. गावाला लागूनच बनोसा आहे. दोन्ही वस्त्या आता एक झाल्या आहेत, तरी जुनी माणसे अजून 'दर्यापूर-बनोसा' असे जोडनाव घेतात. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी लहान रुळांची शकुंतला गाडी येथूनच धावत असे. आता ती बंद आहे. गावाभोवती काळी जमीन आहे. तीत कापूस, तूर, मूग आणि हरभरा पिकतो. जमिनीतले पाणी मात्र खारे, कारण हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. पाणी खारे असले तरी येथल्या माणसांचे गळे गोड आहेत, असे मी वर्गात गमतीने म्हणतो.

मोठ्या शहरात तिकीट काढून गाणे ऐकायला जातात. आमच्याकडे तशी पद्धत फारशी नाही. येथे गाणे होते ते दर्ग्याच्या आवारात, मारुतीच्या पारावर, विहारासमोर किंवा लग्नाच्या मांडवात. ऐकणाऱ्याने सतरंजीवर जागा मिळेल तेथे बसायचे, चहा आला तर घ्यायचा आणि गाणे आवडले तर मोकळेपणाने 'वाहवा' म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात एक चांगला योग जुळून आला. शनिवारी एका दर्ग्याचा उरूस होता आणि रविवारी नदीपलीकडच्या एका खेड्यात खंजिरी भजनाची स्पर्धा होती. असा योग दरवर्षी येत नाही. त्याचे कारण तुम्हाला माहीत असायला हवे. उरूस हिजरी तारखेप्रमाणे भरतो. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे उरूस दरवर्षी तितकेच दिवस अलीकडे सरकतो. आज जो उरूस थंडीत आहे, तो काही वर्षांनी पावसाळ्यात आणि मग उन्हाळ्यात येतो. पुन्हा त्याच दिवसांत यायला त्याला सुमारे ३३ वर्षे लागतात. भजनांच्या स्पर्धा मात्र खेड्यात बहुधा हिवाळ्यात होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी वारले आणि संत गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी. त्यांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम सुरू झाले की गावोगाव मांडव पडतात.

या दोन दिवसांसाठी माझा भाचा अकोल्याहून आला होता. तो नववीत आहे, तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकतो. दोन वर्षांपासून तो संध्याकाळी तबल्याच्या क्लासला जातो. जेवायला बसला तरी त्याची बोटे ताटावर वाजत असतात. त्याच्या अब्बांनी, म्हणजे आमच्या दुल्हेभाईंनी, त्याला सांगून ठेवले होते, "पुढच्या वर्षी दहावी. उन्हाळ्यानंतर क्लास बंद." भाचा त्यांना काही बोलला नव्हता. आल्यावर मला मात्र त्याने विचारले, "मामू, तबला-ढोलक शिकून माणसाला मिळते तरी काय?" मी म्हणालो, "हे मला विचारू नकोस. ज्याचे पोट त्यावर चालते त्याला विचार."

तसा माणूस आमच्या मोहल्ल्यातच आहे. सगळे त्यांना ढोलकवाले चाचा म्हणतात. त्यांचे वय सत्तरीकडे झुकले आहे. लग्नात, उरुसात, भजनात, कुठेही ढोलकची गरज पडली की लोक त्यांच्याकडे येत. लग्नसराईत त्यांना एक दिवसाची उसंत नसे. आता लग्नात डी.जे.ची गाडी येते. त्यामुळे चाचा कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जातात आणि उरलेल्या दिवसांत वाजवतात. शनिवारी रात्री ते कव्वालांच्या साथीला होते आणि रविवारी भजनी मंडळाच्या. भाच्याला मी त्यांच्या स्वाधीन केले. (आमच्यातली ही सारी बोलणी उर्दूत झाली. येथे ती मी मराठीत दिली आहेत.)

शनिवारी दुपारी संदल निघाला. ताशांच्या गजरात तो बाजारातून फिरला आणि मगरिबच्या आधी दर्ग्यात पोचला. कव्वाली इशाच्या नमाजानंतर सुरू होणार होती. आमच्या घरातही कव्वालीबद्दल सर्वांचे मत एक नाही. माझे अब्बा फातिहा वाचून लगेच घरी परततात, मैफलीला बसत नाहीत. मला मात्र ते कधी 'जाऊ नकोस' म्हणालेले नाहीत. ज्याचे त्याने ठरवावे, एवढेच ते म्हणतात.

सतरंजीवर बसल्यावर भाच्याला एक प्रश्न पडला. समोर फलकावर 'कव्वालीची मैफल' असे लिहिले होते. तो म्हणाला, "मामू, महफिल हा तर आपला शब्द. तो मराठीत कसा आला?" मुलांनो, असे पुष्कळ शब्द आले आहेत. महफिलची मैफल झाली. शहनाईची सनई झाली. नक्कारा होता, त्याचा नगारा झाला. दफचा डफ झाला. शाइर या शब्दापासून तर मराठीत शाहीर हा शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थही थोडा बदलला. उर्दूतला शाइर शेर लिहितो. मराठीतला शाहीर डफावर थाप मारून पोवाडा गातो, हजारो लोकांना एका जागी बसवून ठेवतो. शाहीर अमर शेख यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९१६ साली बार्शीला जन्मलेल्या या शाहिराने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या बुलंद आवाजाने गावेच्या गावे जागी केली. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मराठी आपल्याला परकी वाटते तेव्हा हे शब्द आणि ही नावे आठवावीत.

कव्वाली हा शब्द अरबी 'कौल' पासून आला आहे. कौल म्हणजे वचन, बोल. या गायनाचे नाव दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्याशी जोडले जाते. मंचावर पुढे मुख्य कव्वाल बसतो. त्याच्या शेजारी पेटी, म्हणजे हार्मोनियम, असते. ढोलक आणि तबला बाजूला असतात, आणि मागे टाळ्या वाजवत साथ गाणारे बसतात. या टाळ्या केवळ शोभेसाठी नसतात. त्या तालाचाच भाग असतात. आधी हम्द, मग नात, त्यानंतर वलींच्या स्तुतीची मनकबत, असा क्रम साधारणपणे पाळतात.

पहिली पार्टी स्थानिक होती. चाचा तिच्यातच होते. कव्वालाने एक ओळ घेतली, ती पुन्हा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली. मग मध्येच दुसऱ्या एका शायराचा शेर आणला आणि तो संपता संपता अचूक पहिल्या ओळीवर येऊन पोचला. याला गिरह लावणे म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. दोन वेगळ्या धाग्यांची गाठ अशी मारायची की ती दिसू नये. गाठ नेमकी बसली की श्रोते उसळतात. कोणी उठून नजराणा ठेवतो. कव्वाल मान लववून तो स्वीकारतो आणि न थांबता गात राहतो. भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "मामू, मोबाइलवर हीच कव्वाली पाच मिनिटांत संपते. यांनी तर एकाच ओळीला पंधरा मिनिटे घेतली!" मी त्याला चाचांच्या हातांकडे पाहायला सांगितले. गाणारा ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, तेव्हा ती प्रत्येक वेळी वेगळी वाटते. त्याचे अर्धे श्रेय ढोलकचे असते. चाचा पहिल्यांदा हळू वाजवत. ओळ चढली की त्यांचा डावा हात घुमायला लागे. गिरह लागायच्या क्षणी ते एकदम थांबत आणि ओळीचा पहिला शब्द पडताच जोरात थाप देत. कव्वाल काय करणार हे त्यांना आधीच कसे कळते, हा प्रश्न मलाही पडतो. मी त्यांना तो विचारलाही आहे. ते म्हणतात, "गाणाऱ्याचा श्वास पाहायचा. श्वास घेतला की ओळ येणार."

दुसरी पार्टी बाहेरगावची होती. त्यांची गाडी वाटेत बिघडली आणि ते यायला नऊ वाजून गेले. इकडे आयोजक घड्याळाकडे पाहू लागले. पूर्वी कव्वाली फजरपर्यंत चाले. आता तसे करता येत नाही. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून काही थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस पंधरापेक्षा जास्त असू शकत नाहीत. हा उरूस त्या दिवसांत बसत नव्हता. याच नियमांनी राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे. माणसे शेजारी बसून बोलतात तो आवाजही ५५–६० च्या आसपास असतो, यावरून मर्यादा किती कडक आहे ते समजेल.

काही लोक नाराज झाले. "डी.जे.ला कोणी विचारत नाही, कव्वालीला मात्र घड्याळ!" असे एकजण मोठ्याने म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. नियम सर्वांना सारखा असला तरी तो लागू करताना तसा राहतोच असे नाही. पण मोहल्ल्यात म्हातारी माणसे आहेत, आजारी आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत. त्यांची झोपही खरीच. आयोजकांनी वाद वाढू दिला नाही. दहाला पाच मिनिटे असताना त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला आणि जवळच्या सभागृहात सतरंज्या टाकल्या. दारे-खिडक्या लावून घेतल्या. सातआठशे माणसांपैकी शंभर-सव्वाशेच आत मावली. बाकीचे कुरकुरत घरी गेले.

आत जे झाले ते मला अधिक आवडले. ध्वनिक्षेपक नव्हता. कव्वालाचा खरा आवाज, पेटीचा खरा सूर आणि ढोलकवर घासणाऱ्या तळहाताचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. पाहुण्या पार्टीचा ढोलकवाला प्रवासाने थकला होता. त्याने चाचांना हाताने खूण केली. चाचा पुन्हा बसले. चार हातांवर बसलेला भाचा त्या रात्री एकदाही आपल्या मोबाइलकडे वळला नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा कुठे संपतात आणि केहरव्याच्या आठ कुठे सुरू होतात, ते तो बोटांवर मोजत होता.

संगीत आणि दर्गा यांचे नाते महाराष्ट्रात इतरत्रही आहे. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेला राहिले. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तेथेच त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. मोठमोठे गवई तेथे येऊन गातात, ऐकायला बसतात ते सर्व धर्मांचे लोक. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. ती वाद्ये बनवणाऱ्या घराण्यांत मुस्लिम कारागिरांची संख्या मोठी आहे.

रात्री झोपायला एक वाजला. तरी रविवारी सकाळी आम्ही तिघे ऑटोने त्या खेड्यात वेळेवर पोचलो. ढोलक चाचांच्या मांडीवर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. दव इतके पडले होते की ऑटोची काच पुसत जावे लागत होते. उतरल्या उतरल्या चाचांनी ढोलकवर टिचकी मारली आणि तोंड वाकडे केले. दवाने कातडे सैल पडले होते. त्यांनी ढोलक उन्हात ठेवला, दोरीच्या कड्या सरकवल्या, दर पाच मिनिटांनी टिचकी मारून पाहिले. कातड्याला ओल लागली की ते सैल पडते आणि आवाज बसतो. ऊन लागले की ते ताणले जाते आणि आवाज चढतो. फार चढला तर पुन्हा सावलीत न्यायचा. अर्धा तास हेच चालले होते.

आता खंजिरी भजनाविषयी सांगतो, कारण हे आमच्या वऱ्हाडचे खास गाणे आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. ते गावोगाव हिंडत आणि हातात खंजिरी घेऊन भजन म्हणत. भजनात देवाचे नाव असे, तशीच गावाची स्वच्छता, दारूबंदी, शिक्षण आणि एकोपा हेही विषय असत. त्यांनी मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत भजने रचली. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९५५ साली ते जपानमध्ये विश्वधर्म परिषदेला गेले. 'ग्रामगीता' हा त्यांचा ग्रंथ खेड्याने आपला कारभार कसा करावा हे सांगतो. वाद्य म्हणाल तर खंजिरी अगदी लहान. लाकडाचे कडे, एका बाजूला कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. दिसायला सोपे, पण भाच्याने हातात घेतली तेव्हा नुसत्या चकत्याच खुळखुळल्या.

दर्यापूरच्या शेजारी अंजनगाव सुर्जी तालुका आहे. त्यातील शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. दिवसा हातात झाडू घेऊन ते गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि श्रोत्यांकडूनच उत्तरे घेत. शिक्षक म्हणून मला त्यांची ही पद्धत फार मोलाची वाटते. आमच्या अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

स्पर्धेला आसपासच्या गावांतून बरीच मंडळे आली होती. त्यात स्त्रियांचीही मंडळे होती. डोक्यावर भगव्या टोप्या घातलेली शाळकरी मुलांची एक टोळी होती. प्रत्येक मंडळाला बारा मिनिटे दिली होती. परीक्षक सूर, ताल, शब्दांचा स्पष्ट उच्चार आणि विषयाची मांडणी पाहून गुण देणार होते. चाचांचे मंडळ सातव्या क्रमांकावर होते. त्याचे मुख्य गायक एक शेतकरी. त्यांनी भाच्याला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "काय वाजवतं रे तू?" भाचा म्हणाला, "तबला. पण मला ताल वाजवायला द्या," आणि त्याने पितळी टाळांकडे बोट केले. सगळे हसले. "टाळ म्हण बाबू, टाळ! ताल तुह्या हातात आहे, टाळ माह्या हातात आहे." मुलांनो, उर्दूत 'ळ' नाही, म्हणून आपली जीभ येथे अडखळते. ताल म्हणजे ठेका. टाळ म्हणजे वाजवायचे झांजेसारखे वाद्य. टाळी ही हाताची. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा आणि 'टाळ' म्हणा. सकाळ, वेळ, खेळ, मंडळ, एवढे शब्द रोज मोठ्याने म्हटले तर महिनाभरात जीभ वळते. आणि 'तुह्या', 'माह्या' ही वऱ्हाडी बोली. तुमच्या पुस्तकात 'तुझ्या', 'माझ्या' असते. परीक्षेत पुस्तकातले लिहा, पण खेड्यात कोणी 'मले', 'तुले' म्हणाले तर ते अशुद्ध आहे असे समजू नका. चक्रधरस्वामींच्या शिष्यांनी वऱ्हाडातल्या रिद्धपूरला बसून मराठीतले अगदी आरंभीचे गद्य लिहिले. या मुलखाची बोली त्या मानाने लहान नाही.

मंडळापुढे एक अडचण होती. त्यांच्या पेटीचा भाता फाटला होता. सूर धरला की हवा निसटे आणि सूर खाली येई. दुरुस्तीला पैसे हवे होते. गावात वर्गणी जमली होती, पण गावातल्या तरुणांना त्या पैशातून पुढच्या मिरवणुकीसाठी डी.जे. लावायचा होता. "एक रात्र वाजेल अन् जाईल. पेटी वीस वर्षं चालते," असे गायक म्हणत होते. तरुणांचे म्हणणे होते की भजनाला येते कोण? खरे तर त्या दिवशी मांडव भरलेला होता. पण त्यात पंचविशीच्या आतली मुले मला फार थोडी दिसली, हेही खरे.

त्यांचा क्रमांक आला. गायकांनी पेटीवाल्याला सांगितले, "तू राहू दे. नुसती खंजिरी अन् ढोलक." परीक्षकांनीही माना वर केल्या. पेटीच्या आधाराशिवाय सुरात राहणे सोपे नसते. गायकांनी डोळे मिटून सूर लावला. खंजिरी अगदी हळू सुरू झाली. चाचांनी पहिली ओळ पूर्ण जाऊ दिली, ढोलकला हातही लावला नाही. दुसऱ्या ओळीवर त्यांचा डावा हात पडला. मागच्या दहा जणांनी एकदम ओळ उचलली. भजनाचा विषय होता कर्ज काढून लग्न करणाऱ्या बापाचा. पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसू लागल्या. भाचा माझा हात दाबून म्हणाला, "मामू, हा तर कालचाच ठेका!" त्याने बरोबर ओळखले होते. केहरव्याच्या त्याच आठ मात्रा होत्या: धा गे ना ती, न क धी न. काल त्यांच्यावर नात गायली गेली होती, आज भजन. चाल, वजन आणि जागा वेगळ्या होत्या, म्हणून ऐकताना ते पटकन लक्षात येत नाही.

शेवटच्या कडव्यात गायकांचा सूर किंचित उतरला. पेटी असती तर बहुधा सावरला असता. मंडळाला तिसरे बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस स्त्रियांच्या एका मंडळाने नेले, आणि ते योग्यच होते. त्यांचा एकही शब्द अस्पष्ट नव्हता. तिसऱ्या बक्षिसात पेटीचा भाता दुरुस्त होणार होता. नवी पेटी मात्र येणार नव्हती. मंडळाने चाचांना वाटखर्च देऊ केला. त्यांनी ऑटोच्या भाड्यापुरतेच पैसे घेतले. लग्नात मागून पैसे घेणारे चाचा भजनात आणि कव्वालीत मागत नाहीत. निघताना गायकांच्या घरून ओल्या हरभऱ्याची एक मोठी जुडी मात्र त्यांच्या हातात आलीच.

संध्याकाळी दर्यापूरला परतलो तर एका विहारासमोर भीमगीतांचा कार्यक्रम लागला होता. आम्ही दमलो होतो, तरी चाचा थांबले. भीमगीते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यावरची गाणी. ही गाणी महाराष्ट्रभर नेणाऱ्यांत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे नाव प्रथम घेतात. भीमगीते पुष्कळदा कव्वालीच्या ढंगाने गातात. तीच पेटी, तशाच टाळ्या आणि ओळीची तशीच आवर्तने. गायक प्रल्हाद शिंदे यांनी तर विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या आणि भीमगीते ही तिन्ही सारख्याच ताकदीने गायली. त्या कार्यक्रमात ढोलक वाजवत होता अकरावीतला एक मुलगा. भाच्याने विचारले, "चाचा, याला ओळखता?" चाचा म्हणाले, "माझ्याकडेच शिकतो. दोन वर्षे झाली. दर रविवारी सकाळी सायकलने येतो." बसल्या जागी त्यांची बोटे गुडघ्यावर चालली होती. मुलगा एके ठिकाणी घाईत आला तेव्हा चाचांनी नुसते डोळे वर केले. त्याने पाहिले आणि लय धरली.

"तुमचा नातू नाही शिकत?" भाच्याने विचारले.

"नाही. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो. त्याला त्यात चार पैसे मिळतात. मी त्याला कसे अडवू?"

भाच्याने मग तोच प्रश्न विचारला, जो त्याने मला विचारला होता. शिकून काय मिळते? चाचांनी थोडा विचार केला. "पैसा म्हणशील तर जिनिंगमध्ये महिन्याला जास्त मिळतो. पण जिनिंगमध्ये मला कोणी 'चाचा, तुम्ही आल्याशिवाय सुरू करत नाही' असे म्हणत नाही."

दहाला कार्यक्रम संपला. घरी आल्यावर आपाचा फोन आला, मग दुल्हेभाई बोलले. भाच्याने क्लासचा विषय काढलाच नाही. मीच काढला. मी म्हणालो, आठवड्यातला एक तास दहावीचे काही बिघडवत नाही. बिघडवतो तो रोज रात्रीचा मोबाइल. चाचा आमच्याकडे जेवायला थांबले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. चाचा म्हणाले, "साहेब, मुलाचा डावा हात चांगला आहे. शिकवून येत नाही असा. पण अभ्यास आधी, मी पण तेच सांगीन." दुल्हेभाई बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "सहामाहीचे गुण पाहू. कमी झाले तर क्लास बंद." कायमचे 'नाही' म्हणणारा माणूस सहामाहीपर्यंत आला होता.

भाच्याने लगेच दप्तर काढले. मराठीच्या वहीचे शेवटचे पान उघडले आणि चाचांना रात्रीचा ठेका सांगायला लावला. त्यांनी मांडीवर वाजवत सांगितले, त्याने लिहून घेतले. चाचांना वाचता येत नाही, पण त्यांनी वही हातात घेऊन प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून त्याला म्हणायला सांगितले. भाचा म्हणू लागला, "धा, गे, ना, ती, न, क, धी..."

"सातच?" चाचा म्हणाले. "एक मात्रा कुठे गेली? पुन्हा मोज."